विश्लेषण: ई२० पेट्रोल आणि जुनी दुचाकी… ‘ॲव्हरेज’ नेमके कुठे कमी होते?

धाराशिव, तुळजापूर, कळंब किंवा उमरगा, कोणत्याही गावातील गॅरेजवर दहा मिनिटे थांबले तरी एक तक्रार हमखास कानावर येते. ‘गाडी पहिल्यासारखं ॲव्हरेज देत नाही.’ गेल्या दोन वर्षांत या तक्रारीला पुढचे वाक्यही जोडले गेले आहे: ‘पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून.’ यातील खरे किती, समज किती आणि गॅरेजमधील चुकीच्या उपायांचा वाटा किती, हे कळण्यासाठी इंजिनात पेट्रोलबरोबर जाणाऱ्या हवेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. दुचाकीचे मायलेज, तिची ओढ आणि सायलेन्सरमधून निघणारा धूर या तिन्ही गोष्टी त्या हिशेबावर ठरतात.

हवा-इंधन मिश्रण म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवेतील ऑक्सिजन लागतो. शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणाला आदर्श मिश्रण म्हणतात. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. म्हणजे ते जाळण्यासाठी जवळपास ११ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर सुमारे दहा हजार लिटर. पाण्याचा एक मोठा टँकर भरेल एवढी हवा एका लिटर पेट्रोलमागे इंजिनातून जाते.

हवा या प्रमाणापेक्षा कमी पडली तर मिश्रण दाट होते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘रिच’ चालते. हवा जास्त झाली तर मिश्रण विरळ होते, म्हणजे गाडी ‘लीन’ चालते. दोन्हींचे परिणाम वेगळे आणि तोटेही वेगळे.

दाट मिश्रणाने ताकद, विरळने मायलेज?

ढोबळमानाने हे खरे आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. पेट्रोल इंजिनाला सर्वाधिक ताकद साधारण साडेबारा ते तेरा भाग हवेच्या मिश्रणावर मिळते. सोलापूरहून येताना तुळजापूरचा घाट चढताना, मागे माणूस आणि पुढे पिशवी असताना इंजिनाला थोडे दाट मिश्रण लागते ते यामुळेच. याउलट सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना १५ ते १६ भाग हवेच्या किंचित विरळ मिश्रणावर इंधन सर्वात कमी लागते.

मात्र मिश्रण आणखी दाट केले तर ताकद वाढत नाही, फक्त पेट्रोल न जळता बाहेर जाते. प्लगवर काजळी धरते, सायलेन्सरच्या तोंडाशी काळे थर बसतात, पेट्रोलचा वास येतो. आणखी विरळ केले तर मायलेजही वाढत नाही. मिश्रण नीट पेट घेत नाही, गाडी झटके देते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते आणि ‘मिसिंग’ मारते. इंजिन जास्त तापते. असेच दीर्घकाळ चालवले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका असतो. तो दुरुस्त करण्याचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त होतो.

विरळ मिश्रण नीट जाळता आले तर इंधन वाचते, हे कंपन्यांनाही ठाऊक होते. पुण्याच्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरमध्ये आणलेले दोन स्पार्क प्लगचे तंत्र याच दिशेचे होते. दोन ठिकाणी ठिणगी पडली की ज्योत लवकर पसरते आणि मिश्रण अधिक पूर्ण जळते.

सायलेन्सरमधून काय बाहेर पडते?

मिश्रण दाट असेल तर ऑक्सिजन अपुरा पडतो. कार्बनचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद शटरच्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे धोकादायक ठरते ते याच वायूमुळे. त्याबरोबर न जळलेले पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बनही बाहेर पडते.

मिश्रण किंचित विरळ असेल तर हे दोन्ही कमी होतात. पण तेव्हा ज्वलनाचे तापमान जास्त असते आणि ऑक्सिजनही शिल्लक असतो. अशा वेळी हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. १६ भाग हवेच्या आसपास त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. फारच विरळ मिश्रण झाले तर पेट न घेतल्यामुळे हायड्रोकार्बन पुन्हा वाढते. म्हणजे एक प्रदूषक कमी करायला जावे तर दुसरा वाढतो.

या अडचणीवर उपाय म्हणजे सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करतो, पण मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांत दुचाकीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइडसाठी १,००० मिलिग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी ६० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ती गाठण्यासाठी मिश्रणावर क्षणाक्षणाला नियंत्रण लागते. कार्बोरेटर मागे पडून बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले ते याच कारणाने.

कार्बोरेटर आणि फ्युएल इंजेक्शन यांत फरक काय?

कार्बोरेटर हे साधे यंत्र आहे. हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. छिद्र किती मोठे असावे, हे कारखान्यात ठरते. पुढे हवा विरळ झाली, पेट्रोलची जात बदलली किंवा फिल्टर तुंबला, तरी कार्बोरेटरला त्याची जाणीव होत नाही. ते पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहते.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. बाहेर जाणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन शिल्लक आहे, हे तो गाडीच्या संगणकाला कळवतो. मिश्रण विरळ दिसले की संगणक इंजेक्टर क्षणभर अधिक उघडा ठेवतो, दाट दिसले की कमी. त्यामुळे इंधनातील लहान बदल ही गाडी बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळून घेते. जुन्या गाडीला ती सोय नाही, आणि ई२०चा प्रश्न इथूनच सुरू होतो.

धाराशिवच्या हवेचा यात काय संबंध?

बालाघाटच्या पठारावरील धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की ती आणखी पाच टक्क्यांच्या आसपास विरळ होते. कार्बोरेटर मात्र त्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही. त्यामुळे समुद्रसपाटीच्या हिशेबाने बसवलेली गाडी इथे उन्हाळ्यात पाचेक टक्के दाट चालू शकते.

त्यात धुळीची भर पडते. शेतरस्ते, मुरमाचे रस्ते, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरमागे उडणारा फुफाटा, असे सगळे एअर फिल्टरवर बसते. फिल्टर तुंबला की हवा कमी येते आणि मिश्रण आणखी दाट होते. भूम-परंडा भागात दुधाच्या किटल्या लावून रोज फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांचे फिल्टर शहरातील गाड्यांपेक्षा लवकर तुंबतात. कंपनीच्या पुस्तिकेतील सर्व्हिसिंगचे अंतर साधारण रस्त्यांसाठी असते. धुळीच्या भागात फिल्टर त्याआधी साफ करावा, असे त्याच पुस्तिकांत लिहिलेले असते. पण ते पान क्वचितच उघडले जाते.

ई२०ने गणित कसे बदलले?

देशात १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ई२० पेट्रोलच्या विक्रीला सुरुवात झाली. मूळ २०३० चे उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये देशातील पेट्रोल सरासरी २० टक्के मिश्रणापर्यंत पोहोचले.

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. पेट्रोलला १४.७ भाग, तर शुद्ध इथेनॉलला फक्त ९ भाग. दोन्ही मिसळून तयार झालेल्या ई२०चे आदर्श प्रमाण सुमारे १३.५ वर येते. आता शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने १४.७ वर बसवलेला कार्बोरेटर ई२०वर चालला, तर इंजिनात गरजेपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त हवा जाते. ई१०साठी बसवलेल्या गाडीत ही तफावत चार टक्क्यांच्या आसपास राहते. दोन्ही गाड्या पूर्वीपेक्षा विरळ मिश्रणावर चालतात.

दुसरी बाब ऊर्जेची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई२०च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असतो, हे खरे. पण त्याचा पूर्ण फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या, ई२०साठीच बनवलेल्या इंजिनाला मिळतो. दहा-पंधरा वर्षे जुन्या शंभर सीसीच्या गाडीला नाही.

मग मायलेज किती कमी होते?

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल आराखड्यात याचा अंदाज दिला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या दुचाकीचे मायलेज ई२०वर ३ ते ४ टक्क्यांनी कमी होते. तशाच चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के. ऊर्जा सहा-सात टक्के कमी असूनही दुचाकीची घट निम्मीच दिसते. मिश्रण आधी दाट असलेल्या गाडीत अधिक हवेमुळे पूर्वी वाया जाणारे पेट्रोल जळते आणि काही तोटा भरून निघतो, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

आता हा हिशेब रुपयांत मांडू. समजा, गाडी ६० चे ॲव्हरेज देते आणि रोज ४० किलोमीटर चालते. महिन्याला १,२०० किलोमीटरसाठी २० लिटर पेट्रोल लागते. साडेतीन टक्के घट धरली तर ते २०.७ लिटर होते. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याचा जादा खर्च ७०-७५ रुपये. पण हीच गाडी तुंबलेला फिल्टर आणि बिघडलेल्या कार्बोरेटरमुळे ५० वर आली असेल, तर २४ लिटर लागतात. जादा खर्च ४२० रुपये. म्हणजे ६० वरून ५० वर आलेल्या ॲव्हरेजचा सगळा दोष इथेनॉलला देता येत नाही. दहापैकी दोन किलोमीटर इथेनॉलचे, उरलेले देखभालीचे.

मात्र म्हणून ७५ रुपये दुर्लक्ष करण्याजोगे ठरत नाहीत. वर्षाला ते ९०० रुपये होतात, आणि ते त्याच माणसाच्या खिशातून जातात ज्याला नवी गाडी घेणे परवडत नाही.

सुटे भाग खराब होतात का?

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, पुण्यातील एआरएआय, डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइलच्या चाचण्यांत जुन्या गाड्यांत लक्षणीय झीज किंवा बिघाड दिसला नाही. मात्र काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही त्याच स्पष्टीकरणात आहे. इंधनामुळे सुटे भाग खराब न होणाऱ्या, म्हणजे ई२० चालू शकणाऱ्या गाड्या २०२३ पासून बाजारात आहेत. त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांनी पेट्रोलचा पाइप, टाकीच्या झाकणाचे रबर आणि कार्बोरेटरच्या सिलांवर लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

इथेनॉल पाणी शोषते, हा आणखी एक मुद्दा. पावसाळ्यात टाकीत पाणी गेले तर पूर्वी ते तळाशी वेगळे बसायचे. आता थोडे पाणी इथेनॉल धरून ठेवते आणि ते जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात. हा थर कार्बोरेटरमध्ये गेला की गाडी बंद पडते. गावात प्लॅस्टिकच्या बाटलीत अनेक दिवस साठवलेले पेट्रोल टाळावे, याला आगीच्या धोक्याबरोबर हेही एक कारण आहे.

पीयूसीत पास म्हणजे सगळे ठीक?

नाही. गाडी जागेवर उभी करून, इंजिन आयडलिंगवर ठेवून पीयूसी चाचणी होते. त्यात कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजले जाते. मार्च २००० नंतरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम आहे. बीएस-६ गाड्यांना याहून कडक मर्यादा आहेत. नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत.

याचा अर्थ असा की, दाट चालणारी गाडी पीयूसीत सापडते, पण विरळ चालणारी गाडी सहज पास होते. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार ई२०मुळे दुचाकीतील कार्बन मोनॉक्साइड सुमारे ५० टक्के आणि हायड्रोकार्बन २० टक्के घटते. हवेसाठी ही चांगली बातमी आहे आणि इथेनॉलच्या बाजूने ती मांडलीच पाहिजे. पण त्याच आराखड्यात नायट्रोजन ऑक्साइडबाबत ठोस कल दिसला नसल्याचेही नमूद आहे. म्हणून पीयूसीच्या कागदावरील ‘पास’पेक्षा त्यावरील दोन आकडे पाहणे उपयोगाचे. ते आकडे खरे असण्यासाठी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये जायलाच हवी. नंबर प्लेटच्या फोटोवर मिळणारे प्रमाणपत्र मालकाला इंजिनाबद्दल काहीच सांगत नाही.

गॅरेजमधील उपाय कितपत खरे?

‘हवेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की ॲव्हरेज वाढते’ हा सर्वात प्रचलित उपाय. तो स्क्रू मुख्यतः आयडलिंग आणि अगदी कमी थ्रॉटलवरचे मिश्रण ठरवतो. गाडी पन्नासच्या वेगाने जाते तेव्हा पेट्रोल सुई आणि मुख्य जेटमधून येते. स्क्रू फिरवून मोठ्या रस्त्यावरचे मायलेज फारसे बदलत नाही. उलट ई२०मुळे आधीच विरळ झालेले मिश्रण आणखी विरळ झाले, तर सिग्नलला गाडी बंद पडणे, सकाळी चोक ओढत बसणे असे प्रकार वाढतात.

तारेने जेटचे छिद्र मोठे करणे हा दुसरा उपाय तर टाळलाच पाहिजे. छिद्र एकदा मोठे झाले की ते परत लहान होत नाही. गाडी ओढ घेते, पण प्लग काळा पडतो आणि पेट्रोल वाढते. फिल्टर काढून गाडी चालवणे हा तिसरा. त्यात धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासतात.

योग्य क्रम साधा आहे. आधी एअर फिल्टर, मग प्लग, व्हॉल्व्हचे अंतर, टायरची हवा, चेनचा ताण आणि ब्रेक घासतात का, हे तपासणे. त्यानंतर कार्बोरेटर साफ करणे. शेवटी इंजिन पूर्ण गरम असताना स्क्रू जुळवणे, तोही शक्य असल्यास पीयूसी यंत्रावरील आकडा पाहून. प्लगचा रंग तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळा आणि काजळीदार असेल तर दाट, पांढरट असेल तर विरळ, ही जुनी खूण आजही कामाची आहे. इंजेक्शनच्या गाडीत स्क्रू शोधू नये. मीटरवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर सेन्सर तपासून घ्यावा.

जबाबदारी कोणाची?

धाराशिव जिल्हा या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना आहे. रांजणी, चोराखळीसारख्या ठिकाणी साखर कारखान्यांबरोबर इथेनॉल प्रकल्प उभे राहिले. इथेनॉलमुळे कारखान्यांना साखरेखेरीज उत्पन्नाचा मार्ग मिळाला आणि उसाची बिले वेळेवर निघण्याची आशा वाढली. तो मार्ग किती अनिश्चित आहे, हेही जिल्ह्याने पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. ज्या शेतकऱ्याचा ऊस या साखळीत जातो, तोच एमएच २५ क्रमांकाच्या जुन्या गाडीवर कारखान्याच्या गेटपर्यंत जातो. धोरणाचा लाभ त्याला कारखान्याच्या मार्गाने, उशिरा आणि अप्रत्यक्ष मिळतो. मायलेजमधील घट मात्र दर वेळी पंपावर, रोखीने द्यावी लागते.

इथेनॉल मिश्रणाला विरोध करण्याचे हे कारण नव्हे. कच्च्या तेलाची आयात आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होणे हे दोन्ही खरे फायदे आहेत. पण नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात कार्यक्षमतेतील घट भरून काढण्यासाठी ई१० आणि ई२० पेट्रोलवर ग्राहकांना कर सवलत देण्याचा विचार सुचवला होता. जुन्या गाड्यांसाठी ई१० उपलब्ध ठेवण्याचा मुद्दाही त्यात होता. मिश्रणाचे उद्दिष्ट मुदतीआधी गाठले गेले, या दोन सूचना मागे राहिल्या. ई२०च्या सक्तीविरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे आता हा प्रश्न धोरणकर्त्यांच्याच दारात आहे.

सवलतीचा निर्णय दिल्लीत होईल तेव्हा होईल. जिल्हा पातळीवर करता येण्याजोगी कामे तेवढी मोठी नाहीत. पीयूसी केंद्रावर आकड्यांचा अर्थ मराठीत लिहिलेला फलक लावता येईल. आयटीआयमधून लहान गॅरेजवाल्यांना ई२० आणि मिश्रण जुळवणीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण देता येईल. पंपावर मिश्रणाची टक्केवारी ठळक अक्षरांत लिहिता येईल. जुन्या गाडीच्या मालकाला आज आपल्या टाकीत काय पडते आणि त्यासाठी गाडीत काय तपासावे, हे सांगणारे कोणीच नाही. ती माहिती मिळेपर्यंत तो गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून घेत राहील आणि दोष कधी पेट्रोलला, कधी मेकॅनिकला देत राहील.